डोंगरात गाडीवाट बांधायची, म्हणजे आधी पाण्याची वाट ओळखायची

थोड्याथोड्या दिवसांनी तोच व्हिडिओ नव्या जागेवरून येतो. कोकणातल्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत रुतलेली जीप, मागून चढत येणारी भरती आणि दोरखंड घेऊन आलेला गावातला ट्रॅक्टर. एप्रिल २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवरात गाडी घातल्याचा व्हिडिओ गाजला. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला चंद्रा नदीच्या पात्रातून थार हाकली म्हणून पोलिसांनी दंड केला. असं काही झालं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, या गाड्यांवर सरसकट बंदी घाला. दुसरा म्हणतो, गाडी घेतलीच त्यासाठी, मग ती चालवायची कुठे?

‘कुठे’ हा प्रश्न मला खरा वाटतो. अमेरिकेत त्यावर पन्नासेक वर्षं भांडणं, कोर्टकचेऱ्या आणि प्रयोग झाले. त्यातून निघालेलं एक उत्तर आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनीच सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन डोंगरात जायचं, सरकारनं मंजूर केलेल्या रेघेवर गाड्यांची वाट बांधायची आणि वर्षानुवर्षं सांभाळायची. मी कॅलिफोर्नियात राहते. अशा कामांना गेली काही वर्षं जाते आहे. माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. दुष्काळी मुलखातलं श्रमदान अंगवळणी पडलेलं असल्यामुळे इथली अर्धी विद्या मला आधीच येत होती, हे पहिल्याच दिवशी कळलं. ते का, हे पुढे सांगते.

## आधी दोन शब्द

ऑफ-रोड वाहन म्हणजे पक्का रस्ता सोडून चालण्यासाठी बनवलेली गाडी. यात फोर-व्हील-ड्राइव्ह जीप येते, डर्ट बाइक येते आणि एटीव्ही येते. एटीव्ही म्हणजे चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखी वर बसून चालवायची लहान गाडी.

ट्रेल म्हणजे या गाड्यांसाठीची कच्ची, अरुंद वाट. आपल्याकडे बैलगाडी जाते तेवढ्या वाटेला गाडीवाट म्हणतात, मी तोच शब्द वापरते. रस्ता बांधताना डोंगर आपल्या सोयीनं कापतात. गाडीवाट बांधताना खडक, झाडं, वळणं जिथल्या तिथे ठेवून त्यांच्यामधून रेघ काढतात. चालवणाऱ्याला तेच हवं असतं. गुळगुळीत हवं असतं तर तो हायवेनं गेला असता.

## ही जमीन आहे तरी कोणाची?

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. अमेरिकेत राष्ट्रीय वनांखाली सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे, म्हणजे अडीच महाराष्ट्र. याशिवाय केंद्राच्या भू-व्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहे, म्हणजे आणखी तीन महाराष्ट्रांहून जास्त. यातली बरीचशी जमीन पश्चिमेकडे आहे. नेवाडा राज्याची तर जवळजवळ ८० टक्के जमीन केंद्र सरकारची. ओसाड वाळवंट, लाल खडकांची पठारं, ग्रॅनाइटचे डोंगर. कित्येक मैल वस्ती नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीप लोकांच्या हाती आली, पुढे डर्ट बाइक आल्या आणि या मोकळ्या मुलखात जो तो वाटेल तिथून गाडी नेऊ लागला. तक्रारी वाढल्या. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सरकारी जमिनीवर गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही, हे खात्यांनी ठरवून द्यावं आणि ठरवताना माती, पाणलोट, झाडझाडोरा, वन्यप्राणी आणि इतर लोकांना होणारा त्रास कमीत कमी राहील असं पाहावं. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला धार आणली. नुकसान दिसलं तर ती जागा तिथल्या तिथे बंद करा, असं सांगितलं.

तरी प्रत्यक्षात बऱ्याच जंगलांत ‘बंदची पाटी नसेल तर चालतं’ अशीच वहिवाट राहिली. ती बदलली २००५ च्या नियमानं. हा बदल समजून घ्यायला पार्किंगचं उदाहरण घेऊ. ‘नो पार्किंग’ची पाटी नसेल तिथे कुठेही गाडी लावता येते, ही झाली जुनी रीत. पार्किंगची पाटी असेल तिथेच लावायची, बाकी सगळीकडे मनाई, ही नवी. आता प्रत्येक राष्ट्रीय वनानं गाड्यांच्या वाटांचा नकाशा काढायचा, तो फुकट द्यायचा आणि नकाशावर नसलेली वाट बंद समजायची. पाटी कुणी उपटून नेली, हा बहाणा संपला.

यामुळे नवी वाट हवी असेल तर ती आधी नकाशावर यावी लागते आणि त्यासाठी कागदोपत्री मोठा डोंगर चढावा लागतो. १९७० पासून लागू असलेल्या पर्यावरण धोरण कायद्याखाली परिणामांचा अभ्यास होतो. वनस्पतींचे जाणकार येऊन जातात, पक्षी-प्राण्यांचे येतात, पुरातत्त्ववाले येतात. मूळ रहिवासी जमातींनी शेकडो वर्षांपूर्वी दगडी हत्यारं घडवताना पडलेल्या कपच्या सापडल्या, की रेघ हलते. शिकारी पक्ष्याचं घरटं दिसलं, की पुन्हा हलते. पहिली कुदळ पडेपर्यंत काही वर्षं गेलेली असतात. नव्या माणसाला याचा राग येतो. मलाही आला होता.

## डोंगराला टायर जास्त खातो की पाणी?

लोकांना वाटतं, टायर डोंगर खातो. टायर सुरुवात करतो, हे खरं. त्याच्या दाबानं माती घट्ट होते, चाक जागच्या जागी फिरलं की माती उडते आणि दोन चाकोऱ्या पडतात. पण पुढचं सगळं काम पाणी करतं. त्या दोन चाकोऱ्या म्हणजे पाण्याला आयत्या मिळालेल्या दोन नाल्या असतात.

वाहत्या पाण्याच्या ताकदीचा एक जुना नियम आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचं वजन दुप्पट होत नाही, ६४ पट होतं. उतारावर मोकळं सुटलेलं पाणी बघता बघता घळ का पाडतं, ते यावरून समजेल. पहिल्या पावसात वीतभर, तिसऱ्या पावसात गुडघाभर. मग गाडीवाले त्या घळीला टाळून शेजारून नवी चाकोरी पाडतात, तिचीही घळ होते आणि एका वाटेच्या चार होतात.

माणमध्ये पाणलोटाच्या कामात आम्हाला एक वाक्य पाठ होतं: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जिरायला लावा. इथे या वाक्याचा पहिला तुकडा जसाच्या तसा लागू होतो. पुढे मात्र फाटा फुटतो. तिथे आम्ही पाणी अडवायला डोंगराच्या आडव्या अंगानं समतल चर खणत होतो. गाडीवाटेवर पाणी थांबलं तर चिखल होतो आणि धावलं तर घळ. म्हणून ते चालत चालत, पसरून, वाटेवरून आडवं निघून गेलं पाहिजे, जणू वाट तिथे नव्हतीच. गाडीवाट बांधण्याची सगळी कला एवढ्या एका गोष्टीत आहे.

## मग रेघ आखतात कशी?

कौलारू छपरावर एक काठी उताराच्या दिशेनं उभी ठेवा. पाऊस आला की पाणी काठीला धरून धार लावून खाली येतं. तीच काठी आडवी, किंचित कलती ठेवली, तर बरंचसं पाणी तिच्यावरून उडी मारून आपल्या वाटेनं खाली जातं. डोंगरावरची वाट ही अशी काठी आहे. ती जितकी उभी, तितकं पाणी तिला धरून राहणार.

यासाठी इथे एक अगदी साधा नियम वापरतात, त्याला ‘निम्म्याचा नियम’ म्हणतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. चढ टक्क्यांत मोजतात. शंभर फूट पुढे गेल्यावर दहा फूट वर आलो, तर १० टक्के. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत हवी. त्यातही सगळ्या वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बरं.

गंमत म्हणजे या नियमानं सपाट जमीन सगळ्यात वाईट ठरते. नवख्याला वाटतं, सपाटीवर वाट काढणं सोपं. पण सपाटीवर पाण्याला जायला जागाच नसते. डबकं होतं, पहिली गाडी त्यातून जाते, दुसरी चिखल टाळायला थोडी बाजूनं जाते, तिसरी आणखी बाजूनं. दोन हंगामांत आठ फुटांची वाट चाळीस फुटांचं चिखलाचं मैदान होते. जाणता वाट आखणारा गाडीवाट मुद्दाम डोंगराच्या कुशीवरून नेतो.

चढ मोजायला क्लिनोमीटर नावाचं तळहातात मावणारं यंत्र असतं. एका उंचीची दोन माणसं घ्यायची, एकानं यंत्रातून दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायचं, आत टक्के दिसतात. माझ्या हातात ते पहिल्यांदा दिलं तेव्हा मला गावचा हायड्रोमार्कर आठवला. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या, त्यावर आम्ही आख्खा डोंगर आखला होता. ज्यानं गवंड्याला नळीनं पातळी घेताना पाहिलं आहे त्याला हे यंत्र पाच मिनिटांत समजेल. मग टक्के बघत बघत झुडपांना रंगीत रिबिनी बांधत जायचं. एका मैलाच्या रेघेला कितीतरी रविवार लागतात, कारण रेघ नुसती पाण्याला नाही, गाडीलाही पटली पाहिजे. लांब सरळ उतार दिला की गाडी वेग घेते आणि पुढच्या वळणावर करकचून ब्रेक लागतो. जिथे ब्रेक लागतो आणि जिथे जोरात ॲक्सिलरेटर दाबला जातो, तिथेच माती सैल होते. म्हणून वळणं अशी घ्यायची की गाडी आपोआप सावकाश राहील.

## बाटलीभर पाण्याची परीक्षा

रेघ मंजूर झाली की खोदकाम. वरचा पालापाचोळा आणि भुसभुशीत माती ओढून काढायची, खालची घट्ट माती लागेपर्यंत. मग डोंगराच्या कुशीत एक पायरी कापायची, तिच्यावर गाडी चालणार. इथे एक पथ्य कडक पाळतात. पायरीची सगळी रुंदी कापलेल्या, मूळ मातीवरच हवी. निम्मी कापून, निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून रुंदी वाढवायची नाही. घाटात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ‘भराव खचला’ ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो.

हत्यारं दोन मुख्य. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला जाड दाते आणि दुसऱ्या बाजूला रुंद फाळ असलेलं, दंताळं आणि फावडं एकत्र केल्यासारखं. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. १९१० मध्ये आयडाहोत भीषण वणवा लागला होता, तेव्हा एड पुलास्की या वनरक्षकानं आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं. या हत्याराला त्याचं नाव आहे. मोठ्या कामाला जेमतेम चार फूट रुंदीचा छोटा डोझरही आणतात, पण शेवटची सफाई हातानंच.

पायरीचा पृष्ठभाग डोंगराकडून दरीकडे किंचित कलता ठेवतात, ३ ते ५ टक्के, डोळ्याला जाणवेल न जाणवेल इतका. माझ्या पहिल्या दिवशी आम्ही वीसेक फूट तुकडा दुपारपर्यंत पुरा केला. मला तो सुंदर दिसत होता. आमच्या तुकडीची म्होरकी सत्तरीला आलेली बाई होती. तिनं कमरेची पाण्याची बाटली काढली आणि पायरीच्या डोंगराकडच्या कडेला सावकाश ओतली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पाणी आधी मातीत मुरलं, मग त्याची एक जीभ बाहेर आली, दरीकडे सरकली आणि मध्येच वळून वाटेला धरून खाली निघाली. तिथे माझ्या बुटाच्या टाचेएवढा खळगा राहिला होता. ती काही बोलली नाही, मॅक्लाउड माझ्या हातात दिलं. तिसऱ्या बाटलीला पाणी सरळ कडेवरून खाली गेलं. तेव्हा मला कळलं की इतका वेळ मी वाट गाडीच्या नजरेनं पाहत होते.

कल एकटा पुरत नाही. गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या की कल मोडतो. म्हणून वाट उतरत असताना दर थोड्या अंतरावर तिला मुद्दाम किंचित चढवतात आणि मग पुन्हा उतरवतात. या खोलगट जागेला ‘डिप’ म्हणतात. चाकोरीतून येणारं पाणी डिपमध्ये आलं की पुढे चढ असल्यानं त्याला बाहेर पडावंच लागतं. पायवाटांवर याच कामाला आडवं लाकूड किंवा दगड पुरतात. गाड्यांखाली ते टिकत नाही. लाकूड उखडतं किंवा लोक त्याला वळसा घालतात. डिप मातीचीच असते, त्यामुळे मोडायला काही नसतं आणि चालवणाऱ्याला तर ती लाट आवडते.

## पण हे काम स्वयंसेवकांनी का करायचं? सरकार काय करतं?

रेघ मंजूर करणं, नकाशा, देखरेख, प्रशिक्षण हे सरकारचंच. यांत्रिक करवत चालवायलासुद्धा परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो, हौस म्हणून हातात मिळत नाही. पण हजारो मैल वाटांना पुरतील इतके हात सरकारकडे नाहीत.

पैशाची व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेट्रोलवर कर असतो आणि तो रस्त्यांसाठी जातो. मग रस्त्यावर न चालणाऱ्या गाड्यांनी भरलेला कर कुठे जावा? १९९१ मध्ये अमेरिकेनं ठरवलं की त्या करातून वाटांसाठी वेगळा निधी काढायचा. त्यातला ३० टक्के इंजिनच्या गाड्यांच्या वाटांना, ३० टक्के पायी, सायकल, घोड्याच्या वाटांना आणि उरलेला ४० टक्के एकाहून जास्त प्रकारे वापरता येतील अशा वाटांना. पण अनुदान हवं तर स्थानिक हिस्साही दाखवावा लागतो आणि तो हिस्सा श्रमाच्या रूपात चालतो.

म्हणून सकाळी पोहोचल्यावर हत्याराच्या आधी हजेरीचा कागद हातात येतो. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. संध्याकाळी सही विसरून कुणी निघालं तर मागे धावत जाऊन थांबवतात. त्या तासांची किंमत लावून तो आकडा सरकारपुढे ठेवला जातो आणि त्यावर खरे पैसे मिळतात. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. मस्टरवर नाव लागलं का, ही तिची रोजची धास्ती. त्या कागदावर सही करताना मला दर वेळी तिचा अंगठा आठवतो. तिला त्या मस्टरनं जेवायला घातलं. माझ्या मस्टरनं एका ओढ्यावरचा पूल होतो.

## नवी वाट म्हणजे नवी नासधूस नाही का?

हा आक्षेप वजनदार आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. गाड्या जिथे जातात तिथे आवाज होतो, प्राणी दूर जातात, माती हलते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं कासव १९९० पासून संकटग्रस्त यादीत आहे. बिळं चेंगरणाऱ्या गाड्या हे त्याच्या अनेक संकटांपैकी एक. युटाच्या वाळवंटात मातीवर काळपट, खडबडीत थर असतो. दुधावर साय धरते तसा. तो जिवंत असतो. सूक्ष्म जीवाणू, शेवाळं आणि दगडफूल मिळून मातीचे कण बांधून ठेवतात. त्यावरून एक चाक गेलं की ती साय फाटते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी कित्येक दशकं लागतात. अशा ठिकाणी ‘मी एकदाच गेलो’ याला काही अर्थ नाही.

मग नवी वाट का? कारण बहुतेक जुन्या वाटा कुणी आखलेल्याच नाहीत. लाकूडतोड्यांचे, खाणवाल्यांचे रस्ते, जवळचा म्हणून सरळ उभ्या अंगानं चढलेले. त्या दर पावसात ओढ्यात माती ओततात. अशी वाट दुरुस्त होत नाही, कारण तिची जागाच चुकलेली असते. निम्म्याच्या नियमानं नवी रेघ काढायची आणि जुनी बंद करायची, हाच खरा व्यवहार. माझं मत विचाराल तर जुनी बंद करण्याचा आराखडा नसलेल्या नव्या वाटेला मंजुरीच मिळू नये.

बंद करणंही कौशल्याचं काम आहे. दगड लावून, पाटी ठोकून लोक थांबत नाहीत, वाट दिसली की जातात. म्हणून ती दिसतच नाही असं करायचं. घट्ट झालेली माती खरवडून सैल करायची आणि मेलेली झुडपं आणून, खड्डे घेऊन, जणू तिथेच उगवली होती अशी उभी पुरायची. सगळ्या लांबीला हे करावं लागत नाही. मुख्य वाटेवरून नजर पोहोचते तेवढाच तुकडा झाकला की पुढची वाट आपोआप विसरली जाते. सैल मातीत आणि त्या झुडपांच्या आडोशाला वाऱ्यानं आलेलं बी रुजतं. सबंध दिवस काटेरी मेलेली झुडपं पुरून संध्याकाळी वळून पाहावं आणि सकाळची वाट कुठे होती ते सापडू नये, हे समाधान नवी वाट बांधल्यापेक्षा कमी नाही.

आणि काही ठिकाणी ‘नाही’ हेच उत्तर येतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या अप्पर टेलिको भागात गाडीवाटांचं मोठं प्रसिद्ध जाळं होतं. तिथे पाऊस भरपूर, डोंगर मातीचे आणि वाटा उभ्या. माती वाहून ट्राउट माशांच्या ओढ्यांत जात होती. हा मासा तळाच्या खडीत अंडी घालतो, वरून गाळ बसला की अंडी गुदमरतात. २००९ मध्ये वनखात्यानं ते सगळं जाळं गाड्यांना बंद केलं. चालवणाऱ्यांनी विरोध केला, पण बंदी राहिली. त्या लोकांचं दुःख मला समजतं, तरी ओढ्याच्या बाजूनं झालेला निर्णय मला योग्य वाटतो.

## मग टिकलेली वाट कुठली?

रुबिकॉन. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली, टाहो सरोवराकडे जाणारी, सुमारे २२ मैलांची. जीप कंपनी आपल्या एका मॉडेलला जिचं नाव देते, तीच ही वाट. एल डोराडो काउंटीनं १८८७ मध्येच तिला सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केलं होतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. १९५३ पासून जॉर्जटाउन गावातून जीपवाल्यांची सामूहिक फेरी सुरू झाली आणि गर्दी वाढत गेली. टेबलाएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळांवरून चाकाचाकानं चढत जावं लागतं.

२००९ मध्येच, टेलिकोच्या वर्षीच, इथल्या जलगुणवत्ता मंडळानं काउंटीला आणि वनखात्याला सफाईचा आदेश बजावला. गाळ, इंजिनातून सांडलेलं तेल आणि माणसांची विष्ठा हे तिन्ही पाण्यात जात होतं. वाट बंद होणार असं वाटत होतं. पण इथे स्वयंसेवकांची फळी काही वर्षं आधीपासूनच उभी होती, २००१ पासून. काउंटी, वनखातं आणि हे लोक यांनी मिळून वाटेवर पाणी बाहेर काढणाऱ्या डिप केल्या, धूप होणाऱ्या जागा दगडांनी बांधल्या, ओढ्यांवर पूल आले, म्हणजे चाकं पाण्यात उतरायची थांबली. तेल टिपून घ्यायचं साहित्य आणि विष्ठा परत नेण्याची सोय प्रत्येकानं सोबत ठेवायची, असा नियम झाला. माती पाण्यानं तुडुंब भरलेली असेल तेव्हा वाट बंद ठेवायची सोय झाली. २०१२ मध्ये वनखात्यानं काउंटीला या वाटेचा रीतसर हक्क दिला.

दोन वाटा, एकच वर्ष, दोन निकाल. एक वाचली त्यात लोकांच्या घामाचा वाटा मोठा आहे, पण खडकाचाही आहे. ग्रॅनाइट धूप सोसतो, टेलिकोची माती सोसत नव्हती. घाम गाळून प्रत्येक डोंगर गाडीजोगा होत नाही.

## हे सह्याद्रीत का करू नये?

मला गावाकडून हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: जंगलात आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवर, नको.

कायद्याचा भाग थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि वनसंवर्धनाचा १९८० चा. वनजमिनीचा वेगळा वापर करायला केंद्राची मंजुरी लागते आणि अभयारण्यात मनमानी गाडी घालणं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी जमीनच नाही म्हणते. नेवाडात वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट महाबळेश्वरला एका महिन्यात पडतो. कासच्या सड्यावर जांभ्या दगडावर जेमतेम काही बोटं माती आहे आणि त्या मातीत ती फुलं आहेत. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये कासचा समावेश झाला तो याचसाठी. तिथे चाकोरी पडली तर दुरुस्त करायला खाली मातीच नाही. शिवाय अमेरिकेतल्या त्या मुलखात मैलोन्‌मैल वस्ती नाही. आपल्या डोंगरात धनगरवाडा आहे, देवराई आहे, गुरांची वाट आहे, कुणाची नाचणी आहे. गाडीवाल्यांसाठी खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, रीतसर ट्रॅक बांधता येतात. बंद पडलेल्या दगडखाणी त्याला उत्तम. तिथे हौस पुरी करावी.

विद्या मात्र आणण्यासारखी आहे आणि ती आणायची गडांच्या पायवाटांवर. शनिवार-रविवारी किती पोरं-पोरी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ काढतात, तटावरची झाडी काढतात. श्रमाची कमतरता नाही. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मान मिळाला, म्हणजे पायांची गर्दी आणखी वाढणार. पावसाळ्यातल्या कुठल्याही लोकप्रिय गडाची वाट डोळ्यांपुढे आणा. मधोमध घळ, तिच्या दोन्ही अंगांनी गवत तुडवून पडलेल्या नव्या वाटा. हाच तो आजार, चाकांच्या जागी पाय आहेत इतकंच. संबंधित खात्याची परवानगी घेऊन, उभ्या चढणीला दोन वळणं देता येतील, पायवाटेला दरीकडे ४ टक्के कल देता येईल, घळ होण्याआधी आडवा दगड बसवून पाणी बाहेर काढता येईल. नळी आणि दोन पट्ट्या तर पाणलोटाची कामं झालेल्या माण, कोरेगाव, वरूड, अंबाजोगाईत गावोगाव पडून आहेत.

## शेवटी, बांधून झाली की झालं?

नाही. डिपच्या तोंडाशी गाळ साचतो आणि तोंड बुजलं की पाणी पुन्हा वाटेला लागतं. म्हणून सिएराच्या पायथ्याला नोव्हेंबरात पहिला मोठा पाऊस झाला की वाटेवर गाड्यांना बंदी असते आणि आम्ही चालत जातो. रेनकोट, खांद्यावर फावडं. पाऊस चालू असतानाच जायचं, कारण कोरड्या दिवशी वाट खरं सांगत नाही. गेल्या खेपेला मी माझ्या त्या वीस फुटी तुकड्यापाशी थांबले होते. वरून पाणी येत होतं, तपकिरी, बोटभर जाडीचं. पायरीवर ते पसरलं आणि कडेवरून पानांत उतरलं. पुढच्या डिपचं तोंड निम्मं बुजलं होतं. तिथे दहा फावडी माती काढली आणि पुढे निघाले.